पहिलं प्रूफ

“सर, पुलावर पहारेकरी किती?”

“सात,” मी म्हणालो.

“मी पण सातच मारले. मग ह्यात नऊ कसे?”

शनिवारची दुपार होती. मिरजेच्या आमच्या वाचनालयाच्या बालविभागात मी वाचनवर्गाच्या मुलांची वाट बघत बसलो होतो आणि सहावीतली शलाका आवटी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली होती. तिने माझ्यासमोर एक प्रिंटआउट ठेवला. ‘नऊ’ ह्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ होती. मी चष्मा लावला, वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरी वाचायची गरज उरली नाही. वाक्यं माझी होती.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. तीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि ‘डावपेच’ नावाचं बत्तीस पानांचं मासिक चालवत होतो. मुलांच्या व्हिडिओ गेमचं मासिक. कुठला गेम चांगला, कुठला पैसे वाया घालवणारा, कुठे अडकलात तर काय करायचं, असं सगळं त्यात असे. लोक हसायचे. “चौगुले सर, म्हातारपणी हे काय?” मी म्हणायचो, धड्याच्या तीन ओळींत जांभई देणारं पोर पूल कसा ओलांडायचा हे कळावं म्हणून आठ पानं वाचतं. मला ती आठ पानं हवी आहेत. शलाका त्यातलीच. चौथीत असताना ती दर ओळीला ठेचकाळायची. आता पेन्सिल घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढत होती.

तिच्या हातातला लेख ‘सात बुरुज’ ह्या गेमवरचा होता. तो टीव्हीला जोडून खेळायचा. एकसष्टाव्या वर्षी मी तो स्वतः खेळलो होतो. अंगठा इतका सुजला, की बायको म्हणाली, “डॉक्टरांना काय सांगणार, राक्षस मारताना लागलं?” लेख लिहिताना पुलावरचे पहारेकरी मी चुकून नऊ लिहिले. दुसऱ्या प्रूफात ते दुरुस्त करून सात केले आणि छापून आले तेही सात. म्हणजे नऊ पहारेकरी जगात एकाच जागी होते, छापखान्यातल्या पहिल्या प्रूफात. तिथून ते मकरंद उपाध्येच्या वेबसाइटवर गेले होते, माझा अंक यायच्या दहा दिवस आधी.

“चोरलंय ना, सर?” शलाकाने विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“चोरलंय. चुकीसकट चोरलंय!” आणि ती खो-खो हसत सुटली.

मला हसू आलं नाही. मी मकरंदला फोन लावला. तो माझा जुना विद्यार्थी. ‘डावपेच’ सुरू केलं तेव्हापासून चार वर्षं माझ्याबरोबर होता, मग सोडून गेला.

“मकरंद, पुलावर पहारेकरी किती?”

“कोण, सर? नमस्कार! पुलावर... नऊ ना?”

“खेळलास का?”

“खेळायला वेळ कुठाय, सर? तुम्ही खेळता की.” तो हसला. लपवायचीही गरज त्याला वाटत नव्हती. “रागावू नका. लेख मुलांपर्यंत पोचल्याशी कारण. तुमचा अंक येईस्तोवर पोरं पुढच्या गेमवर गेलेली असतात. छापलेलं आता भेळवाल्याच्या कामाचं.”

“निदान खाली नाव तरी घालायचंस.”

“माझं घालत होतात?” त्याचा आवाज एकदम बदलला. “चार वर्षं मी खेळलो, मी लिहिलं. तुम्ही स्वल्पविराम दिलेत आणि वर संपादक म्हणून तुमचं नाव. माझं शेवटच्या पानावर, ‘साहाय्य’ म्हणून, मुंगीएवढ्या अक्षरात.”

मी फोन ठेवला. तो बोलला ते खरं होतं. खोटं बोलणाऱ्याचा राग दोन दिवसांत उतरतो. हा उतरेना.

त्यात भर पडली ती लीलाताई सबनीसांची. त्या आमच्या ग्रंथपाल. सोमवारी मला बोलावून म्हणाल्या, “सर, समितीत विषय निघालाय. बालविभागातली तुमची मासिकांची मांडणी काढून तिथे दोन कॉम्प्युटर ठेवायचे म्हणतात. मकरंद सगळं लावून देतो म्हणालाय.”

“आणि शनिवारचा वाचनवर्ग?”

“मांडणी गेली तर जागा कुठे राहते?” त्यांना वाईट वाटत होतं. “मी एवढंच करून घेतलंय, की पंचवीस तारखेच्या रविवारी तुम्ही दोघांनी मुलांसमोर बोलायचं. गेमची छापील मासिकं आता वाचण्यात अर्थ आहे का, नाही? मग मुलांनी हात वर करायचे. निकाल लागेल तसं समिती करणार.”

“चालेल,” मी म्हणालो. पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात मासिक नव्हतं, मांडणी नव्हती, मुलंही नव्हती. मकरंदला त्या मुलांसमोर उताणा पाडायचा, एवढंच होतं.

पुढच्या अंकात ‘सात बुरुज’चा शेवटचा भाग यायचा होता. सातव्या बुरुजात एक विहीर आहे. खेळणाऱ्याच्या हातात दिवा असतो. तो विहिरीच्या काठावर ठेवला की उजेड पाण्यावर पडतो आणि समोरच्या भिंतीत शेवटचं दार दिसतं. दिवा चुकून विहिरीत पडला तर खेळ संपला. दुसरा दिवा कुठेच नाही, अंधारात दार सापडत नाही आणि हा गेम प्रत्येक पावलाला आपोआप मेमरी कार्डावर नोंदवला जातो, त्यामुळे एक पाऊलही मागे जाता येत नाही. पहिल्या बुरुजापासून पुन्हा सुरुवात करायची. हे मला माहीत होतं, कारण माझे दोन महिने त्या विहिरीत गेले होते.

मी टेबलापाशी बसलो आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, “दिवा विहिरीत सोडा. पाणी खाली उतरतं आणि दार दिसतं.”

तीस वर्षं मी प्रश्नपत्रिका काढल्या. गणित न सोडवता उत्तर उचलणाऱ्या मुलाला कुठलं चुकीचं उत्तर गोड लागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मुलांचा विचार केला नाही असं नाही. लीलाताईंशी बोलणं झाल्यानंतरच्या शनिवारी वर्गात मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “कोण कुठवर पोचलंय रे?” कुणी तिसऱ्या बुरुजावर, कुणी चौथ्या. पाचव्याच्या पुढे कोणी नव्हतं. शलाका त्या दिवशी आली नव्हती, आईबरोबर मामाकडे गेली होती. म्हणजे ती ओळ वाचून आठवड्याभरात कुणाचं नुकसान होण्यासारखं नव्हतं. दिवा बुडवायचाच तर माझा बुडवायचा होता. वाट पाठ असल्याने मी पुन्हा खेळून माझ्या कार्डावर सातवा बुरुज गाठून ठेवला होता.

मजकूर छापखान्यात विलासच्या हातात दिला. तो अक्षरजुळणी करायचा, मकरंदच्या वर्गातला.

“सर, ह्या वेळी दुसरं प्रूफ बघणार?” त्याने मान वर न करता विचारलं.

“छपाईच्या सकाळी येतो. तोवर प्लेट करू नको.”

गुरुवारी दुपारी मी सायबर कॅफेत जाऊन मकरंदची वेबसाइट उघडली. ‘दिवा विहिरीत सोडा.’ माझा स्वल्पविरामही हललेला नव्हता. बाहेर येऊन मी टपरीवर चहा घेतला, मग अजून एक घेतला. शुक्रवारी सकाळी छापखान्यात गेलो, ती ओळ खोडली, खरी लिहिली आणि प्लेट होईपर्यंत विलासच्या शेजारी उभा राहिलो. त्याने ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. तो मकरंदला सांगणार कसा? ‘तुला मीच चुकीचं दिलं’ म्हणून? छापून झालेल्या अंकांचा गठ्ठा मी स्वतः सुतळीने बांधून घरी नेला.

रविवारी सभागृहात सत्तरेक मुलं होती. पुढे मोठा टीव्ही, त्याला गेमचं यंत्र जोडलेलं. मकरंद इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो बोलायचा छान आणि मुलांना आवडायचाही.

“मला सांगा,” तो म्हणाला, “गेम अडकलाय, तुम्ही रडकुंडीला आलाय. सर म्हणणार, थांब बाळ, पुढच्या एक तारखेला पोस्टमन येईल!”

मुलं हसली. मागून कुणीतरी ओरडलं, “पोस्टमनच खेळतोय सर, म्हणून उशीर!” लीलाताईंनाही हसू आवरलं नाही.

माझी पाळी आली. मी जास्त बोललो नाही. “छापणारा माणूस आधी स्वतः खेळून बघतो,” मी म्हणालो, “कारण एकदा छापलं की त्याला ते पुसता येत नाही. माझा अंक ह्या गठ्ठ्यात आहे, अजून कुणी पाहिलेला नाही. मकरंदची माहिती गुरुवारपासून सगळ्यांसमोर आहे. त्याने सातवा बुरुज कसा पार करायचा ते लिहिलंय. ते इथे करून दाखवू दे. मग माझा अंक उघडू.”

“आत्ता दाखवतो!” मकरंद म्हणाला.

मी खिशातून माझं कार्ड काढलं.

“थांबा, थांबा. सरांचं कार्ड नको हं,” तो मुलांकडे वळून डोळे मिचकावत म्हणाला. “मास्तर माणूस! पेपर फोडून आणला असेल.” पुन्हा हशा. “तुमच्यातलं कोण पोचलंय सातव्या बुरुजापर्यंत?”

कोणी हललं नाही. माझा आठवड्याचा सापळा एका विनोदात मोडला, असं मला वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

“मी पोचलेय.”

शलाका उभी होती. हातात कंपासपेटी.

“खोटारडी!” एक मुलगा म्हणाला.

“ए, गप की. दाखवते ना.” तिने पेटीतून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं. “बुधवारी पोचले. सात महिने लागले.”

तिची आई मिशन हॉस्पिटलात नर्स होती. आईच्या नियमाने शलाकाला आठवड्यात दोन तास खेळायला मिळायचं. सात महिने, दोन-दोन तासांनी. टीव्हीवर सातवा बुरुज उगवला तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. तिचे कान लाल झाले होते.

“वा, ताई!” मकरंद म्हणाला. “आता टाक दिवा.”

तिने बटणांवर अंगठे ठेवले. पडद्यावरची छोटी आकृती विहिरीपाशी गेली आणि थांबली. शलाका पडद्याकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने मला विचारलं,

“सर, मला वाटतं काठावर ठेवायचा असेल. दिवा एकच आहे ना. टाकू?”

मी गठ्ठ्याची सुतळी सोडून अंक उघडला असता तरी काम भागलं असतं. तिने दिवा काठावर ठेवला असता, दार दिसलं असतं, टाळ्या पडल्या असत्या. पण मकरंद हसला असता. ‘टायपिंगची चूक हो, सर,’ म्हणाला असता आणि घरी जाऊन पाच मिनिटांत ओळ बदलली असती. तसलं जिंकणं मला नको होतं. मला दिवा बुडताना बघायचा होता.

“टाक,” मी म्हणालो.

तिने बटण दाबलं.

दिवा पाण्यात गेला, खाली खाली जात लहान होत गेला आणि पडदा काळा झाला. नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

“दार कुठाय?” कुणीतरी विचारलं.

शलाका बटणं दाबत होती. डावीकडे, उजवीकडे, मागे. मकरंदने पुढे होऊन “दे, मी बघतो” म्हणत तिच्या हातातला कंट्रोलर घेतला. तोही दाबत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. अगदी सावकाश पाहिला. मग गठ्ठा सोडला आणि पहिला अंक लीलाताईंच्या हातात दिला.

“पान एकवीस. मोठ्याने वाचा.”

त्यांनी वाचलं, “दिवा विहिरीच्या काठावर ठेवा. आत टाकू नका. टाकलात तर पहिल्या बुरुजापासून सुरुवात करावी लागेल.”

आणि मग जो काही गलका झाला! “न खेळताच लिहिता होय, दादा?” “फसवलं की ओ!” “अंदाजपंचे दाहोदरसे!” मकरंदने माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला सगळं कळून चुकलं होतं, हे मला दिसलं. पण बोलणार काय? ‘सरांच्या पहिल्या प्रूफात असंच होतं’ म्हणायचं, तर ते प्रूफ हातात कसं आलं तेही सांगावं लागलं असतं. त्याची ती कोंडी मी डोळे भरून बघितली. लीलाताईंनी हात वर करायला सांगितले. छापील अंकासाठी इतके हात वर झाले, की मोजावे लागलेच नाहीत.

शलाकाचा हात त्यांत नव्हता. ती टीव्हीपाशी वाकून आपलं कार्ड काढत होती. कामात आहे, असं मी मनाला सांगितलं. घरी जाताना पेढे नेले.

पुढच्या शनिवारी ती आली, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. एका हातात वेबसाइटचा प्रिंटआउट, दुसऱ्या हातात ‘डावपेच’चा नवा अंक. दोन्ही माझ्यासमोर शेजारी-शेजारी ठेवले.

“सर, मी दोन्ही ओळ-ओळ करून वाचलं. सगळं सारखं आहे. विहिरीची ओळ तेवढी वेगळी.”

“हं.”

“मकरंददादा तर जसंच्या तसं उतरवतात. मग हीच एक ओळ त्यांनी कशाला बदलली?”

मी अंकाचं पान उलटलं.

“त्यांनी नाही बदलली ना?”

गणित सुटतं तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी आयुष्यभर बघत आलो. आधी डोळे बारीक होतात, मग एकदम मोकळे होतात. दोन वर्षं मी ह्या मुलीच्या चेहऱ्यावर त्याची वाट बघत होतो.

“नाही,” मी म्हणालो. “मी बदलली.”

“म्हणजे मी ‘टाकू?’ विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं.”

ती रडली नाही, रागावलीही नाही. प्रिंटआउटची घडी घालत राहिली, एक, दोन, तीन, पुढे घडी पडेना तोवर. मी घाईघाईने खिशातून माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

“हे घे, बाळ. सातव्या बुरुजापर्यंत आहे. दिवा आहे ह्यात.”

तिने कार्डाकडे पाहिलं. हात लावला नाही.

“ते तुमचं आहे, सर.”

“मग आपण दोघं मिळून पहिल्यापासून खेळू. दर शनिवारी. मी आईशी बोलतो.”

“मी खेळणार आहे पहिल्यापासून,” ती म्हणाली. “पण न वाचता.”

तिने अंक उचलून मांडणीवर ठेवला, कडा सरळ केल्या आणि गेली. पाच मिनिटांनी बाकीची मुलं दंगा करत आत आली. त्या दिवशी सगळ्यांना विहिरीचीच गोष्ट हवी होती. मी ती सांगितली.

मांडणी राहिली. ‘डावपेच’ आणखी पाच वर्षं चाललं. मकरंदची वेबसाइट वर्षभरात बंद पडली. पुढे तो पुण्याला गेला असं ऐकलं. मला हवं होतं ते सगळं झालं.

मार्च महिन्यात मंडईत शलाकाची आई भेटली. मेथीची जुडी पिशवीत टाकत म्हणाली, “सर, आमच्या पोरीने तो गेम संपवला बघा! कुणाला म्हणून विचारलं नाही. विहिरीपाशी चार दिवस नुसती बघत बसली होती.”

शेवटच्या दाराआड काय आहे, ते मला माहीत होतं. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या महिन्यात दर शनिवारी मी बालविभाग अर्धा तास आधी उघडून बसलो. ती आली नाही.